एकवीस चाकांची वाट

आमच्या निर्मळमध्ये अंतर विचारायचं तर दामूकाकांना. ते मीटर सांगत नाहीत, फूटही नाहीत, चाकं सांगतात. सायकलच्या पुढच्या चाकाच्या तारेला त्यांनी लाल चिंधी बांधली आहे. चिंधी एकदा फिरून खाली आली की एक चाक. पिठाची गिरणी एकशे चार, देवळाची पायरी दोनशे साठ. लग्नाची पत्रिका हातात ठेवली तरी आधी विचारणार, "मांडव किती चाकांवर?" मोजण्याआधी दोन साक्षीदार बोलावून चाकात हवा भरतात. वर सुनावतात, "माणसाची हवा कमी-जास्त होते. चाक खोटं बोलत नाही."

गावाचं पुढे काय करायचं, वाड्यांना पाणी देणारी कुठली बावखलं, म्हणजे आमची तळी, राखायची, कुठून रस्ता काढायचा, हे आपणच ठरवू असं गावकऱ्यांनी मनावर घेतलं आणि नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. केळीच्या वाडीत राबणाऱ्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यातून भूगोलाची. गावाने विश्वासाने दिलेलं काम, चूक होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. महिनाभर काका सायकल ढकलत पुढे आणि मी वही घेऊन मागे.

"काका, पंक्चर झाली का?" स्कूटरवाले ओरडायचे.

"गप रे! एकोणऐंशी चुकतील!"

शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी आकडा नुसता सांगितला. "माझ्या दारापासून जनूच्या दारापर्यंत एकवीस."

जनूकाका त्यांचे धाकटे भाऊ. शेजारचीच वाडी. उन्हाळ्यात बावखलाचं पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून बिनसलं, मध्ये कुंपण आलं, बोलणं थांबलं.

"कुंपणातून मोजलंत कसं?"

"कुंपणापर्यंत अकरा मोजली. पुढची दहा ठाऊक आहेत. तिथून वाट दाखव. माझी जागा मी देतो."

मी पेन्सिलने बारीक रेघ ओढली.

देवळाच्या मंडपात सभा भरली. नकाशा पसरला, तसं कोणीतरी म्हणालं, "ही वाट कुणासाठी? काकांची सायकल फिरवायला?" सगळे हसले. काका माझ्याकडे बघत होते. "ती रेघ राहू दे गे बाय," एवढंच म्हणाले.

मी उभी राहून शिकल्यासवरल्या थाटात बोलले, "काका, जे नाही ते नकाशात दाखवता येत नाही." आणि रेघ खोडली. तेवढ्यात मागे खांबाजवळ बसलेले जनूकाका उठले होते. मी खोडते आहे हे पाहून पुन्हा बसले.

ते का उठले होते, ते पुढे कळलं. त्यांच्या मुलाने गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला, सामान टेम्पोत चढलं, तेव्हा जनूकाका मला म्हणाले, "त्या दिवशी माझ्याकडची दहा मी देणार होतो गे."

तो नकाशा गावाच्या पुढच्या दिवसांचा होता. त्यात आज नसलेलंच तर दाखवायचं होतं. एवढं शिकून हे मला कळलं नाही.

परवा दामूकाका कुंपणाशी सायकल घेऊन उभे होते. पलीकडे दाराला कुलूप.

"काका, ती रेघ परत काढू?"

त्यांनी चिंधीची गाठ घट्ट केली. "अकरापर्यंत काढ. पुढची दहा जनूची. त्याला विचारल्याशिवाय कशी काढशील?"