ठिबकच्या नळ्यांची खुर्ची

"मोडनार नाई! हत्ती बसवला तरी मोडनार नाई!" अर्जुनरावांनी छाती ठोकून सांगितलं आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं. अर्जुनरावांनी छाती ठोकली की घरातली एखादी वस्तू कामातून जातेच, हे डोणगावच्या आसपासच्या चार खेड्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त अर्जुनरावांना!

विषय खुर्चीचा होता. साधीसुधी नव्हे, जावयाची! दोन वर्षांपूर्वी लेकीच्या, योगिनीच्या लग्नात, ऐन पंगतीत, नवरदेवाखालची प्लास्टिकची खुर्ची काडकन मोडली. प्रज्वलराव अंगानं भरभक्कम. पाय वर, फेटा वरणात! अख्खा मांडव हसला. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? सासरा! तेव्हापासून प्रज्वलरावांनी सासरचा उंबरा ओलांडला नव्हता. बुलढाण्याहून डोणगाव म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे, पण नवरा येत नाही म्हणून योगिनीही येत नव्हती. फोन करायची, तोही आईलाच. फोन ठेवला की सरस्वतीबाई डोळ्यांना पदर लावायच्या आणि अर्जुनराव उगाच चपलेचा अंगठा तपासत बसायचे.

यंदा धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक मास! या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. देवाला रुसून कसं चालेल? प्रज्वलराव "बरं, येतो" म्हणाले.

"हे पाहा," सरस्वतीबाईंनी बजावलं, "पोरगी दोन वर्सानं येऊन राह्यली. याही खेपेले जावई रुसून गेले, तं माही योगिनी मले या घरात पुन्हा दिसनार नाई. शेजारच्या वामनरावाइची सागवानी खुर्ची मागून आना अन् गुमान बसा!"

"वामन्याची खुर्ची? माह्या जावयाले?" अर्जुनराव ताडकन उठले. "अवं, मी सोता बनवतो! बगीच्यात, निंबाखाली, दोन खुर्च्या. एक जावयाची, एक माही. एका रुपयाचं सामान आननार नाई!"

अर्जुनरावांचं तत्त्व एकच, काही फेकायचं नाही. गोठ्यामागे गेल्या साली काढलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्यांचा डोंगर पडला होता. माळ्यावर आजोबांची लोखंडी खाट होती. मोबाईलवर त्यांनी एक बाई पाहिली होती, भंगारातून बगीच्यातला सोफा करणारी. ती बाई करते, तर आपण काऊन नाही? खाट कापली, सांगाडे जोडले आणि बाज विणतात तशा नळ्या विणल्या, एकावर एक तीन थर! नळीत गांधीलमाशा घर करतील म्हणून प्रत्येक नळीची दोन्ही तोंडं दुमडून तारेनं करकचून आवळली. ही हुशारी तेवढी लक्षात ठेवा.

जावई भर दुपारी अडीच वाजता आले. सकाळी खुर्च्या सावलीत होत्या, पण सावली एव्हाना सरकून वामनरावांच्या कुंपणात गेली होती. वर चादर टाकलेली, त्यामुळे खालच्या नळ्या किती तापल्यात ते कोणाला कळणार? सरस्वतीबाईंनी जावयाचे पाय धुतले, आहेराचा पांढरा शर्ट दिला. प्रज्वलरावांनी तो लगेच अंगात घातला! योगिनीचा चेहरा असा फुलला की सरस्वतीबाईंना भरून आलं.

"मजबूत आहे ना, मामाजी?" प्रज्वलरावांनी खुर्चीकडे संशयानं पाहिलं.

"बसा तं खरं!"

प्रज्वलराव बसले. खुर्ची मोडली नाही! अर्जुनरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू शेतात तेल लागलंय. तेवढ्यात जावई खाली जाऊ लागले. उन्हानं मऊ पडलेल्या नळ्या ताणत गेल्या आणि जावयाची कंबर सांगाड्यात रुतली. गुडघे हनुवटीला टेकले. तेहतीस अनारशांचं ताट घेऊन ओवाळायला आलेल्या सरस्वतीबाईंना आता वाकावं लागत होतं.

"मामाजी, मी खाली चाललोय..."

"नवी हाये ना! बसून राह्यली!"

आणि खालून आवाज आला. फुस्स!

"साप!" जावई किंचाळले. उठता येईना, पळता येईना. हाक ऐकून कुंपणावरून वामनराव काठी घेऊन धावले आणि त्यांनी खुर्चीखाली दणादण काठी हाणली.

"अबे वामन्या, मारू नको! साप नाई, जीवामृत हाये!"

होय, जीवामृत! शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. गेल्या साली पिकाला शेवटचं सोडलं होतं, ते नळ्यांत उरलेलं, वर्षभर उन्हात आंबलेलं आणि आता दोन्ही तोंडं आवळून कोंडलेलं! काठीनं नळ्यांची बुजलेली भोकं मोकळी झाली आणि पाचपन्नास कारंजी एकदम उडाली. पांढरा शर्ट गेला. वास असा की गोठ्यातल्या बैलानंही तोंड फिरवलं.

जावयाला ओढलं, तर खुर्चीही सोबत उठली. "थंड पानी टाका, नळ्या ताठ होतीन!" अर्जुनरावांनी स्वतःच बादली ओतली. नळ्या ताठ झाल्या खऱ्या, पण त्यांनी जावयाला आणखी आवळलं! शेवटी वामनरावांनी लोखंड कापायचं पातं आणलं. अर्धा तास कापाकापी चालली. प्रत्येक नळी कापली की एक पिचकारी!

"वरचा थर राहू दे बे! तीन दिवस लागले विनाले!" अर्जुनराव कळवळले.

सुटल्यावर प्रज्वलराव थेट न्हाणीघरात गेले. अंगावर चार बादल्या ओतल्या, आपला जुना शर्ट घातला आणि गाडीत जाऊन बसले. जेवणाच्या ताटातले धोंडे तसेच, पुरण तसंच. योगिनी फाटकापाशी थांबली. मागे वळून म्हणाली, "बाबा..."

दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा बाबांना हाक मारली होती. आणि बाबा काय म्हणाले?

"पाह्य पोरी, मोडली नाई ना!"

योगिनीचे डोळे भरले. ती गाडीत बसली. धूळ खाली बसल्यावर कुठे अर्जुनरावांच्या ध्यानात आलं, की पोरीला 'कशी हायेस' एवढंसुद्धा आपण विचारलं नाही. सकाळपासून नुसतं खुर्ची, खुर्ची, खुर्ची! ते मागच्या मागे मटकन बसले.

दुसऱ्या खुर्चीत.

हळूहळू गुडघे वर आले. खालून फुस्स झालं.

"अवं... आयकतेस का? वामन्याले हाक मार ना. मी फसलो."

सरस्वतीबाई बाहेर आल्या. त्यांनी अनारशांचं ताट नवऱ्याच्या गुडघ्यांवर ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "बसा आता. धोंड्याचा महिना तीन वर्सानं येते. तवर बसा."