पर्सी अंकलची ड्यूटी

पर्सी अंकल माझ्या आईला शेवटपर्यंत 'मिसेस वॉटसन' म्हणत. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतल्या ज्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो, तिथे पूर्वी कुणी वॉटसन राहत, एवढाच काय तो संबंध. "अंकल, मी पगारे हो!" आई कावून म्हणे. त्यावर टोपी काढून उत्तर येई, "पगारे भी अच्छा नाम है, मिसेस वॉटसन."

ही कॉलनी एके काळी अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची. कसारा घाटात गाडी चढवावी तर आम्हीच, असा त्यांचा तोरा. पुढे एकेक घर ऑस्ट्रेलियाला गेलं. नव्वद साल उजाडेपर्यंत उरले एकटे पर्सी अंकल, रिटायर्ड आणि विधुर, फाटकापलीकडच्या भाड्याच्या खोलीत. वांगी घ्यायलासुद्धा टाय लावून जायचे आणि भाव ऐकला की भाजीवालीला म्हणायचे, "क्या मॅन, लूटता है?" ती बिचारी गांगरून दोन वांगी जास्त टाकायची.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की मात्र थट्टा बंद. टेकडीवरच्या सिमेट्रीत कॉलनीतल्या सगळ्यांच्या कबरी एकट्याने घासायच्या, चुना लावायचा, प्रत्येकीवर एक मेणबत्ती. "बच्चा लोग उधर है ना, उनका ड्यूटी हम करता." मला हा माणूस जरा सटकलेलाच वाटायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी मुलीने त्यांना ऑस्ट्रेलियात, पर्थला बोलावून घेतलं. आम्ही हार घालून निरोप दिला, आई तर रडली. कायमचे गेलेले अंकल महिन्याभरात परत! "उधर चाय में दम नहीं," एवढंच सांगायचे.

त्या वर्षी चुन्याची बादली त्यांना उचलवेना, म्हणून मी बरोबर टेकडीवर गेलो. तेव्हा बोलले. पर्थला त्यांना मर्फी भेटला होता, घाटातला जुना जोडीदार. "हम बोला, तेरा मदर का कबर एकदम सफेद रखा है, मॅन. वो पूछा, कौनसा कबर? फिर टीव्ही देखने लगा."

मला फार वाईट वाटलं.

मर्फीच्या आईच्या कबरीवर त्यांनी नेहमीची मेणबत्ती लावली. मग खिशातून दुसरी काढली, चांगली जाडजूड. ती पेटवली आणि गुडघे धरत खाली वाकून हळूच म्हणाले,

"आंटी, ये बडावाला आपका लडका भेजा है. बहुत याद करता है."