फौजदारनं दूध नापास केलं

आमच्या गल्लीत भेसळीचं दूध येऊच शकत नव्हतं. सरकारी खात्यामुळं नाही, ते झोपलेलं असतं; आमच्या मांजरीमुळं! नाव फौजदार. दूधवाला कारभारी रोज सकाळी लासूर स्टेशनहून रेल्वेनं दोन कॅन घेऊन यायचा. मी आधी बशीभर दूध फौजदारपुढं ठेवायचो. तिनं बशी चाटून लख्ख केली, की मगच गल्ली पातेली पुढं करायची. सहा वर्षं हा कायदा चालला. एवढ्या काळात फौजदारला एकदाही डॉक्टरकडं नेलं नाही. ठणठणीत जनावर डॉक्टरला दाखवणं म्हणजे चोराला तिजोरी दाखवणं, हे माझं ठाम मत!

ऐन उन्हाळ्यात, ईद चार दिवसांवर असताना, फौजदारनं दुधाला जीभ लावली, फिसकारली आणि मागं सरली!

"कारभारी! काय मिसळलंस?"

"काय बी नाय तात्यासाहेब! लेकरांची आण! दूध नासू नये म्हणून कॅनात बर्फाची पिशवी सोडलीय, बस."

"मग मांजर खोटं बोलती व्हय?"

"मांजर कुठं बोलती? तुम्हीच बोलताय!"

या उर्मटपणावरून माझी खात्रीच पटली. मी गल्लीभर बोंब ठोकली. पातेली पटापट घरात गेली. कारभारी भरलेले कॅन घेऊन परत निघाला.

"घरी पाच म्हशी हायत," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू? मांजरीनं नापास केलं?"

दुसऱ्या दिवशी देवगाव रंगारीचा दूधवाला आणला; त्याच्याही कॅनात बर्फ. फौजदार फिसकारली! तिसऱ्या दिवशी दुकानातल्या फ्रीजमधली पिशवी फोडली. फिसकारली! एखाद्यानं मांजरीवर संशय घेतला असता. मी अख्ख्या जिल्ह्यावर घेतला! सगळे सामील! गल्ली काळा चहा पिऊन माझ्याकडं काळ्या नजरेनं बघायला लागली.

बायको म्हणाली, "अहो, ती भाकरी एकाच बाजूनं चावतीय. तुमच्यासारखी."

"माझ्यासारखीच आहे! करारी!"

तेवढ्यात समोरच्या नजमाभाभी दारात. "तात्यासाहेब, परसों ईद है! शीरखुर्मा काय नळाच्या पाण्यात करू?" मग त्या मांजरीपुढं वाकल्या. "हिची लाळ बघा. आणि तोंडाचा वास, तौबा! डॉक्टर को दिखाओ इसको."

मी डोळे बारीक केले. "भाभी, कारभारीनं तुम्हाला फोडलं का?"

"फोडलं असतं तर दूध तरी मिळालं असतं!"

गेलो डॉक्टरकडं! विषबाधा सिद्ध करायला! चेनच्या पिशवीत फौजदार, बाटलीत पुराव्याचं दूध. डॉक्टरांनी बाटलीकडं बघितलंसुद्धा नाही. मांजरीचा जबडा उघडला.

"दाढ सडलीय. हिरड्या सुजल्यात. थंड दूध लागलं की कळ जात असणार. मांजर दुखणं लपवतं हो! वर्षातून एकदा दाखवलं असतं तर दाढ वाचली असती."

"डॉक्टर, तुमचं गाव कोणतं?"

"गंगापूर."

"तरीच! लासूर तुमच्याच तालुक्यात!"

डॉक्टर थंडपणे म्हणाले, "आणि दाढ कुठल्या तालुक्यातली? धरा मांजर."

भूल देऊन त्यांनी दाढ काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. दाढ काळी ठिक्कर होती. दाढेला कुणी फोडू शकत नाही, म्हणून ती खिशात टाकली.

ईदच्या आदल्या सकाळी नजमाभाभींचे मियाँ, इलियासभाई, स्टेशनवर जाऊन कारभारीला हातापाया पडून घेऊन आले. दोन्ही कॅन बर्फासकट हजर! कारभारी माझ्याकडं ढुंकूनही बघेना. सगळी गल्ली पातेली घेऊन उभी राहिली. पण कायदा म्हणजे कायदा!

"थांबा!" मी गरजलो. "फौजदार रजेवर आहे. आज चार्ज माझ्याकडं!"

कपभर दूध घेतलं. मोठा घोट भरला. आणि डाव्या दाढेतून जी वीज निघाली, ती कानात जाऊन फुटली!

"भेसळ!" मी गाल धरून किंचाळलो. "धरा त्याला! काहीतरी मिसळलंय!"

कुणी जागचं हललं नाही. नजमाभाभींनी पातेलं खाली ठेवलं. "तात्यासाहेब," त्या म्हणाल्या, "मुँह खोलो."

बायको घरात गेली आणि चेनची पिशवी घेऊन आली.