पुतळ्याची सतरा बटणं

"छाती किती?" शिंपीकाकांनी विचारलं.

"छाती कशाला हवी? पुतळा आहे तो," स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणे. "अनावरणापर्यंत झाकून ठेवायला कापड हवंय, एवढंच."

"झाकायचं म्हणजे अंगावरच घालायचं ना? मग छाती लागेल, खांदाही लागेल. मापाशिवाय कापड कापायचं या कात्रीला ठाऊक नाही, सर."

सरांनी शिल्पकाराकडून मापं आणवली. पुतळा नऊ फुटांचा, छाती साठ इंच. काकांनी मान डोलावली. असं भरदार गिऱ्हाईक त्यांच्या दुकानात पूर्वी आलं नव्हतं.

मागच्या स्टुलावर काकू काजं करत बसल्या होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही, पण कान इकडेच होते. पासष्ट वर्षांपूर्वीच्या त्या लढाईत गावातले अकरा जण गेले, त्यात त्यांचा थोरला भाऊ होता. काकू तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. अकरा जणांचा मिळून एकच पुतळा करायचा ठरलं, तेव्हा चेहरा कुणाचा घ्यायचा यावर समितीत चार बैठका झाल्या. शेवटी काकूंच्या भावाचा घेतला, कारण सरळ समोर पाहणारा फोटो त्याचाच होता. बाकीच्या दहा जणांना फोटोग्राफरनं लांब कुठंतरी पाहायला लावलं होतं.

तो फोटो शिल्पकाराकडे गेला आणि त्याच्यावर प्लास्टरचं पाणी सांडलं. परत आला तेव्हा त्यात बूट तेवढे शिल्लक होते. "चेहरा पुतळ्यात उतरलाय, काकू," असं शिल्पकारानं हात जोडून सांगितलं. पण समितीचा नियम कडक. अनावरणाआधी पुतळा कुणी पाहायचा नाही, सख्ख्या बहिणीनंसुद्धा.

"तुम्ही तरी बघून याल ना?" काकूंनी विचारलं.

"मी कपडे घालायला जाणार. तोंड बघत बसलो तर खांदा चुकेल."

काका ट्रायलला गेले तेव्हा पुतळा चौथऱ्यावर उभा होता, पण उजवा हात अजून बसवायचा होता. सैनिक कपाळाशी हात धरून दूर पाहतोय, अशी कल्पना होती. हात वेगळा ओतून घेतला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं वरून कापड टाकून दिलं असतं. काकांनी हातासाठी भोक ठेवलं, हात बसल्यावर त्याच्यावर बाही चढवली आणि शिडीवर उभं राहून ती खांद्याला हातानं शिवली, दुहेरी टीप घालून. डोक्यावर चेहराही झाकणारं टोपडं, गळा बंद, आणि समोर टोपड्यापासून पायापर्यंत सतरा बटणं. काजं अर्थातच काकूंची.

समारंभाच्या सकाळी सरांनी टोपड्याला रेशमी दोर बांधला.

"हा दोर कशाला?" काकांनी विचारलं.

"पाहुणे ओढतील आणि कापड खाली पडेल."

"पडेल?" काकांचा चेहरा उतरला. "सर, माझ्या हातचं शिवलेलं ओढल्यानं पडलं असतं, तर या गावात किती जणांची पंचाईत झाली असती!"

पण तोवर बँड सुरू झाला होता.

पाहुणे म्हणजे एक निवृत्त जनरल. वय झालेलं, पण पाठ ताठ. त्यांनी दोर ओढला. काही झालं नाही. बँडनं ती धून पुन्हा पहिल्यापासून धरली. जनरलनी दोन्ही हातांनी ओढलं. सर मदतीला धावले. मग खजिनदार आले. तिघांनी मिळून ओढलं तेव्हा दोर तुटला आणि तिघेही पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. अंगरख्याची एक टीपही हलली नव्हती.

"कात्री आणा!" सर ओरडले.

"कात्री लागणार नाही," काका शिडी घेऊन पुढे आले. "तयार कपड्याला कात्री मी लावत नाही, लावू देत नाही. बटणं आहेत. माणसासारखी उघडायची."

"किती वेळ लागेल?" जनरलनी विचारलं.

"सतरा आहेत, साहेब. काजं नवीन आहेत, घट्ट असतात. शिडी तेवढी धरा."

जनरलनी शिडी धरली. एवढा वेळ भरून काढायचा कसा हे सरांना सुचेना, म्हणून त्यांनी ध्वनिक्षेपकावरून दोन मिनिटं शांतता पाळण्याची विनंती केली. गाव उभं राहिलं. टोप्या उतरल्या. त्या शांततेत शिंपीकाका चष्मा सावरत एकेक बटण काढू लागले.

चौथं सुटलं तेव्हा हनुवटी दिसली. पाचवं सुटल्यावर काकांनी टोपडं मागं सारलं आणि ते शिडीवर एका बाजूला झाले.

काकू पहिल्या रांगेतून उठून पुढे आल्या. बराच वेळ वर पाहत राहिल्या. दोन मिनिटं कधीच संपली होती, पण तसं सांगायला कुणी धजलं नाही.

"अगं, तोच आहे ना?" काकांनी वरून हळूच विचारलं.

"तोच. डावी भुवई बघा, माझी वेणी ओढून पळायच्या आधी अशीच चढायची."

काकांचा हात सहाव्या बटणाकडे गेला.

"अहो, राहू द्या! बास तेवढं," काकू म्हणाल्या. "वारा सुटलाय. आईनं त्याला गळ्यापर्यंत बटणं लावूनच पाठवलं होतं. लगेच छाती भरायची त्याची."

काकांनी जनरलकडे पाहिलं. जनरलनी शिडी सोडली आणि दोन पावलं मागं सरून अंगरख्यातल्या त्या सैनिकाला कडक सलाम ठोकला. मग बँडलाही दुसरी धून आठवली.

अंगरखा दुसऱ्या दिवशी बाही उसवून निघाला. पुढच्या वर्षी समितीनं तो आपणहून मागून घेतला. आता दरवर्षी स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी पुतळ्याला तो चढवतात, आणि दोन मिनिटांच्या शांततेत काका शिडीवर चढून पाच बटणं काढतात. बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहायला येतात. समितीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय की ही पाच बटणं म्हणजे सैनिकाचे पाच गुण. आणि ही प्रथा पूर्वापार चालत आलेली आहे.

गेल्या वर्षी नवे अध्यक्ष आले. उत्साही माणूस. त्यांनी बैठकीत सुचवलं, की त्यागाचा उल्लेख राहिलाच आहे, तेव्हा यंदा सहावंही बटण उघडावं.

कोपऱ्यात काकू सैल झालेलं एक काज पक्कं करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खोकला झाला तर रात्रभर कोण जागणार?"

चिटणिसांनी इतिवृत्तात नोंद केली: 'परंपरेनुसार पाचच.'