गायकवाड मॅडमचा बिल्ला

गायकवाड मॅडम नव्या माणसाची ओळख त्याची कॉलर धरून करून घेतात. हे मी अक्षरशः सांगतोय. कामगार समोर आला की त्या डाव्या हाताने त्याची कॉलर पकडतात, उजव्या हाताची वीत त्याच्या नाकापासून खाली लावतात आणि करंगळी टेकेल तिथे काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा बिल्ला अडकवतात. "इथे. खिशात नाही, पट्ट्याला नाही. तू श्वास पट्ट्यातून घेतोस का?" समोरचा पन्नाशीचा फिटर असला तरी निमूट मान हलवतो.

ठाण्यात खोपटला आमची छोटी प्रयोगशाळा आहे. कारखान्यांच्या हवेत काय काय मिसळलंय ते मोजून द्यायचं, हे आमचं काम. पारा असेल तिथे मॅडमना आणि मला पाठवतात. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, साधा ठसकाही लागत नाही. माणूस ती वर्षानुवर्षं ओढत राहतो आणि मग कधीतरी त्याच्या हातातला कप बशीत वाजायला लागतो. बिल्ल्यातली पावडर हा पारा धरून ठेवते. पाळीभर बिल्ला छातीवर राहिला की त्या माणसाच्या नाकात किती गेलं ते प्रयोगशाळेत काढता येतं. अट एकच, बिल्ला छातीवर राहायला हवा. तो राहत नाही. घाम येतो, टोचतो, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी आपल्याला मोजतंय हे माणसाला आवडत नाही. अकरा वर्षांत मी बिल्ले पंख्याच्या रेग्युलेटरवर पाहिलेत, देवाच्या फोटोवर पाहिलेत, एकदा तर कारखान्यातल्या कुत्र्याच्या पट्ट्यावर. कुत्र्याचं रीडिंग चांगलं आलेलं.

म्हणून मॅडम तिथेच बसून राहतात. इतर लोक बिल्ले लावून जातात ते संध्याकाळी काढायला येतात. मॅडम प्लॅस्टिकच्या स्टुलावर आठ तास. त्या बसल्या की मलाही बसावं लागतं. मी वेळ लिहितो. साडेनऊ म्हणालो की त्या घड्याळाकडे बघून म्हणतात, "नऊ सत्तावीस. साडेनऊ ही वेळ नसते रे सुर्वे, साडेनऊ हा आळस असतो." माझ्या लग्नात स्टेजवर आल्या आणि शुभेच्छा देण्याआधी माझ्या कोटावरचं फूल काढून चार बोटं वर लावून गेल्या. बायको अजून विचारते, त्या कोण होत्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेलेलो. जुन्या ट्यूबलाइट फोडून काच आणि पत्रा वेगळा करायचा कारखाना. प्रत्येक ट्यूबमध्ये चिमूटभर पारा असतोच. वर पत्र्याचं छप्पर, नऊ कामगार, आणि फोडायच्या मशीनवर तांबे नावाचे एक गृहस्थ. रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, कामापुरतं बोलणारे. पहिल्या दिवशी मॅडम दुसऱ्या टोकाला गेल्या तेवढ्यात तांबेंचा बिल्ला गायब. बाथरूमच्या खुंटीवर सापडला. नमुना बाद. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा तो डब्याच्या पिशवीत निघाला. तिसऱ्या खेपेला चक्क खिडकीबाहेरच्या जाळीवर, मोकळ्या हवेत.

मी कंटाळलेलो. ठाण्याहून दर खेपेला तेवढ्या उन्हात जायचं, यायचं, आणि हातात काही नाही. मी मॅडमना म्हटलं, नमुना मिळाला नाही असं लिहू आणि सुटू. चौथ्या खेपेला त्यांनी आल्या आल्या स्टूल उचललं आणि तांबेंच्या शेजारी नेऊन ठेवलं.

पाचपन्नास ट्यूब फुटल्या. मग तांबेंनी मशीन थांबवलं.

"मॅडम, आकडा जास्त आला तर शेठ मला काढणार."

मॅडमनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"काढू शकतो," त्या म्हणाल्या. "पण आकडाच नसला तर तुम्हाला काय होतंय ते कोण ऐकणार?"

तांबेंनी इकडे तिकडे पाहिलं आणि हातमोजा काढून हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की वर्षभर सकाळी शर्टाची बटणं बायको लावून देते, आणि हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. एवढं बोलून त्यांनी स्वतःच कॉलर पुढे केली.

"लावा."

त्या दिवशी बिल्ला संध्याकाळपर्यंत हलला नाही. मॅडमही हलल्या नाहीत.

आकडा मर्यादेच्या बराच वर आला. शेठनी आमच्या साहेबांना फोन केला की मोजण्यात गडबड आहे, पुन्हा घ्या. साहेब मॅडमना म्हणाले, घेऊन टाका ना पुन्हा, आपलं काय जातं. मॅडमनी सांगितलं, मशीनवर झाकण आणि वाफ ओढून घेणारा पंखा बसला की लगेच घेते, तोवर तिथे नवीन मोजण्यासारखं काही नाही. साहेब पंधरा दिवस त्यांच्याशी फक्त चिठ्ठीतून बोलले. शेवटी शेठना ट्यूब पुरवणाऱ्या कंपनीनेच चांगला अहवाल मागितला, तेव्हा कुठे झाकण आणि पंखा बसला. तांबेंना कामावरून काढलं नाही, गेटवर वजनकाट्याला बसवलं. त्यांची लघवी तपासली, डॉक्टरांनी पाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं. हाताची थरथर थांबेल का, यावर हळूहळू फरक पडेल, एवढंच म्हणाले.

पंखा बसल्यावर आम्ही पुन्हा मोजलं. आकडा खाली आला. त्या अहवालावर मॅडमची सही राहिलेली आणि सोमवारी सकाळीच तो द्यायचा होता, म्हणून रविवारी दुपारी मी कोपरीला त्यांच्या घरी गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच ऑफिसात माहीत होतं.

मॅडम फोनवर होत्या. मला हातानेच बसायला सांगितलं. समोर जाडजूड वही, तिच्यात नुसती नावं आणि नंबर. इतक्या वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या कॉलरला हात लावलेला, ती माणसं. "झोप लागते का? हिरड्या दुखतात? तोंडाला धातूची चव येते?" मी मनात म्हटलं, रविवारीसुद्धा सुटका नाही लोकांची.

पण प्रश्न दोन मिनिटांत संपले आणि फोन काही संपेना. कुणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, कुणाच्या गावच्या घराची कौलं बदलून झालेली. मॅडम खुर्चीवर पाय वर घेऊन ऐकत होत्या. एक फोन ठेवला की लगेच दुसरा. मधल्या तेवढ्या वेळात घरात पंख्याशिवाय आवाज नव्हता.

मी पाणी प्यायला आत गेलो. ओटा कोरडा. एक ताट, एक वाटी, दोन्ही उपडी. पातेल्यांपैकी एकही शेगडीवर चढलेलं दिसत नव्हतं आणि दुपारचा दीड वाजून गेलेला.

बाहेर तांबेंचा फोन चालू होता. त्यांनी आज दोन बटणं स्वतः लावलेली. मॅडमनी ते पुन्हा सांगायला लावलं. "कुठली दोन? वरची की खालची?" विचारून वहीत लिहून घेतलं. मग पलीकडून तांबेंनी काहीतरी विचारलं असावं.

"हो, जेवले की," मॅडम म्हणाल्या. "भरली वांगी केलेली आज."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्यांना चुकीची नोंद सांगताना मी कधी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून त्यांनी सही केली. मी म्हटलं, मला भूक लागलीये, स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र आहे, चला. त्या म्हणाल्या, माझं झालंय. मग मी कुठून बाहेर आलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. उठल्या, चपला घातल्या.

तिथे त्यांनी दोनदा भात घेतला. मी घरापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या.

"सुर्वे," त्या म्हणाल्या, "तांबेंना सांगू नकोस."