वेरिबीतला बर्फ

विमानतळावरच्या काउंटरमागच्या मुलीने दोन्ही मुलांचे पासपोर्ट बाजूला काढले, तेव्हा नंदू दामले तिला बॅगांची वजनं सांगत होता. प्रत्येक बॅग बावीस किलो आठशे ग्रॅम, घरी तीनदा करून पाहिलेली. तिने वजनांत काही रस दाखवला नाही. तिने एका मोठ्या बाईंना बोलावलं आणि त्यांनी गोड आवाजात सांगितलं की मुलांचे पासपोर्ट दोन मार्चला संपताहेत. युरोपातून निघाल्यावर पुढे तीन महिने ते चालू असावे लागतात, तेव्हा सॉरी.

"पण पासपोर्ट दहा वर्षांचा असतो!"

"मोठ्यांचा," बाई म्हणाल्या. "मुलांचा पाच."

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चार दिवस हसून लोक विसरले असते. पण वेरिबीतल्या मराठी मंडळींत कागदपत्रं म्हणजे नंदू. कुणाचा कुठलाही फॉर्म त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. गणपतीत त्याने 'प्रवासाची कागदपत्रं : घ्यायची काळजी' या विषयावर पाऊण तास भाषण दिलं होतं आणि प्रसाद त्यानंतर ठेवल्यामुळे एकालाही उठून जाता आलं नव्हतं.

"तुझ्या त्या स्लाइड्समध्ये मुलांच्या पासपोर्टचं नव्हतं?" त्याच्या बायकोने, सुचित्राने विचारलं.

"होतं," नंदू पडेल आवाजात म्हणाला. "अकरावी स्लाइड."

सुट्ट्यांमुळे नवे पासपोर्ट जानेवारीआधी मिळणं शक्य नव्हतं. सुचित्रा एका बॅगेवर बसली. निघण्याआधी दोन आठवडे सहा घरांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. त्या सहा घरांतून चार लोकरीचे कोट, तीन मफलर आणि एक कानटोपी त्यांच्या बॅगेत आली होती. मितालीने तर आपलं नवंकोरं लाल जॅकेट अंगावर घालून बघायला लावलं होतं. आता त्या सहा घरी जाऊन काय सांगायचं?

"मी कुणाला तोंड दाखवणार नाही," ती म्हणाली. "आपण गेलोय. आठ जानेवारीला परत येणार. बास."

"बट दॅट्स लाइंग, आई," बारा वर्षांचा वेद म्हणाला.

"युरोपात मोठ्यांना उलट बोलत नाहीत," आई म्हणाली.

अंधार पडल्यावर टॅक्सी करून, गॅरेजमधून चोरासारखे ते आपल्याच घरात शिरले. घरात खायला डाळ, तांदूळ, मॅगी आणि केकसाठी आणलेलं किसलेलं खोबरं होतं. बाकी फ्रिज प्रवासाला निघताना धुऊन पुसून ठेवलेला. पडदे ओढलेले, एसी बंद, कारण बाहेरचं यंत्र साऱ्या गल्लीला ऐकू जाई. फोडणीलाही बंदी होती. इथला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा; बाहेर एकोणचाळीस डिग्री होतं आणि गल्लीत मुलांचं क्रिकेट रंगलं होतं. नऊ वर्षांची उर्वी पडद्याच्या फटीतून ते बघत बसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कुलपात किल्ली फिरली, तेव्हा चौघांनाही आठवलं की झाडांना पाणी घालायला किल्ली दीनानाथकाकांकडे दिलेली आहे. चौघं बेडरूममधल्या कपड्यांच्या मोठ्या कपाटात कोंबले गेले.

काका म्हणजे मागच्या गल्लीतल्या सलिलचे वडील. सातारच्या नगरपालिकेतून स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर सलिलने त्यांना इकडे आणलं, त्याला सात महिने झाले होते. सलिल आणि त्याची बायको, लाल जॅकेटवाली मिताली, दोघंही शिफ्टला जात. इथे गाडीवाचून पान हलत नाही आणि काकांना गाडी येत नाही. त्यांना एक दिवसाआड पाणी घालायला सांगितलं होतं. ते रोज यायचे आणि दहा मिनिटांच्या कामाला तासभर लावायचे.

"आज सलिलची डबल शिफ्ट आहे," बाहेरून आवाज आला. "मितालीनं भरीत करून ठेवलंय. एकट्याला भरीत काय गोड लागणार?"

"हू इज ही टॉकिंग टू?" उर्वी कुजबुजली.

"तुळशीशी," सुचित्रा म्हणाली. सात महिन्यांत आपण या माणसाशी 'बरे आहात ना काका' याच्यापलीकडे काय बोललो, ते तिला त्या कपाटात आठवून आठवूनही आठवेना. तिला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायलाही निवांतपणा हवा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मराठी मंडळींच्या ग्रुपवर मितालीचा मेसेज आला : "सुचित्रा, माझं लाल जॅकेट घातलेला बर्फातला फोटो टाक ना!"

"नेट नाही म्हणून सांग," सुचित्रा म्हणाली.

"पॅरिसला नेट नाही?"

मग नंदूने भिंतीवर पांढरी चादर ताणली. सुचित्राने लाल जॅकेट, कानटोपी, मफलर असा जामानिमा चढवला. वेदने खुर्चीवर उभं राहून तिच्यावर मूठ-मूठ खोबरं भुरभुरवलं. घामाने ते कपाळाला चिकटलं, जॅकेटच्या शिवणींत शिरलं, पाठीत उतरलं.

"थोडं कुडकुडल्यासारखं कर," नंदू कॅमेऱ्याआडून म्हणाला.

"नंदू, मी आत्ता तुझा जीव घेऊ शकते."

फोटो गेला. चौघं फोनभोवती डोकी जुळवून बसली. एक अंगठा आला, दुसरा आला. मितालीने लाल बदाम टाकला. त्यानंतर मात्र कुणीतरी पेंडल हिलच्या एका दुकानात सिडनीला गेल्यावर घेतलेल्या चकलीच्या भाजणीचा विषय काढला आणि ग्रुप रात्रीपर्यंत भाजणीवरच बोलत राहिला. कुणी विचारलं नाही, कसं चाललंय, थंडी किती आहे, मुलं काय म्हणताहेत. ज्यांच्या भीतीने ही चार माणसं उकाड्यात शिजत होती, त्यांच्या ध्यानीमनीही ती नव्हती. त्या दिवशी कुणी फारसं जेवलं नाही.

खोबऱ्याची दखल फक्त मुंग्यांनी घेतली. तीस तारखेला काका आले, तेव्हा त्यांना तुळशीच्या कुंडीशेजारून आत निघालेली मुंग्यांची रांग दिसली. छत्तीस वर्षं साताऱ्यात ज्याने घाणीचा उगम शोधून काढला, तो माणूस गप्प बसणार होता थोडाच? ते रांग धरून हॉलमधून बेडरूममध्ये आले आणि कपाटाच्या दारापाशी थांबले.

"इथं काहीतरी गोड आहे," ते मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.

आत घामाने निथळणारं दामले कुटुंब उभं होतं. सुचित्राच्या केसांत अजून खोबरं होतं आणि तिच्या कानाखालून एक मुंगी चालली होती.

काकांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. "लवकर आलात?"

नंदूने सगळं सांगितलं, अकराव्या स्लाइडसकट. "काका, पाया पडतो, कुणाला सांगू नका."

"सांगू कुणाला?" काका म्हणाले. "माझ्याशी बोलतंय कोण इथं?" मग त्यांनी मुलांकडे बघितलं. "पोरांनी काय खाल्लंय?"

"मॅगी. एट टाइम्स," वेद म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काका दोन पिशव्या घेऊन येऊ लागले. त्यांत भाजी, दूध, फळं असत आणि वर दिसायला कुंडीच्या खताचं पाकीट. शिवाय पत्त्यांचा जोड. मेंढीकोटला चार माणसं लागतात आणि सातारा सोडल्यापासून काकांना चार माणसं एकत्र मिळाली नव्हती. काका आणि उर्वी एका बाजूला, वेद आणि नंदू दुसऱ्या. आठवडाभरात उर्वी मराठीतून भांडायला शिकली. "काका, तुम्ही हुकूम लपवलात!" असं ती ठणकावून म्हणे आणि काका ते नाकारत नसत.

एक तारखेला तर गंमतच झाली. पॅरिसचे बारा म्हणजे वेरिबीचे सकाळचे दहा. ग्रुपवर शुभेच्छा बरोबर तेव्हाच जायला हव्यात, असा नंदूचा हट्ट. वेदने फोन बघून दहापासून उलटे आकडे मोजले. बाहेर कडक ऊन, आत पाच माणसं कुजबुजत "हॅपी न्यू इयर" म्हणत एकमेकांना शिऱ्याचा घास भरवत होती. काका उसन्या आणलेल्या कोटांपैकी एक घालून बसले होते.

"काकूंबरोबर कधी कुठं गेला होतात, काका?" सुचित्राने विचारलं.

"महाबळेश्वर. तीनदा," काका म्हणाले. "हे चौथं."

सात तारीख उजाडली. दुसऱ्या दिवशी 'परतायचं' होतं. मुलं पडदे उघडायला उतावीळ झाली होती. काकांनी त्या दिवशी खेळताना दोनदा चुकीचं पान टाकलं. डाव संपल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"हे काय काका? आता तर उजळ माथ्यानं यायचं तुम्ही," सुचित्रा म्हणाली. "रोज या."

"म्हणता खरं, मनापासून म्हणता," काका म्हणाले. "पण तुम्ही आलात की तुमच्यामागं नोकरी, शाळा, स्विमिंग, शनिवारच्या पार्ट्या. बाहेरच्या माणसाला द्यायला इथं वेळ कुठाय? तुम्ही गेला होतात म्हणून भेटलात."

काकांनी पत्ते गोळा केले, ते नीट रचले आणि कुंडीकडे बघत म्हणाले, "तिकडं बर्फ फार पडतो म्हणतात. विमानं अडकतात का वं?"

सुचित्राने नंदूकडे पाहिलं. नंदूची रजा सोमवारपर्यंत होती. ज्या माणसाने आयुष्यात एकाही फॉर्मवर खोटी खूण केली नव्हती, त्याने फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं : "प्रचंड बर्फ. फ्लाइट कॅन्सल. अजून चार दिवस अडकलो."

मिनिटभरात काकांचा फोन वाजला. पलीकडून सलिलचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बाबा, सॉरी, नंदू अडकलाय. अजून चार दिवस जाल का हो पाणी घालायला? उन्हाचं नको वाटत असेल तर सांगा, मी बघतो कुणीतरी."

"नको नको, तू कामावर जा," काका म्हणाले. "जाईन मी. कंटाळा येतो रे त्या रिकाम्या घरात. पण शेजारधर्म आहे, आता काय करणार!"

आणि फोन कानाला तसाच धरून त्यांनी पत्त्यांचा जोड उर्वीपुढे सरकवला आणि पानं वाट अशी खूण केली.