काही कमी नाही

सरकारी कागद वाचायला आता मला कुणाची गरज नाही! बासष्टाव्या वर्षी मशिदीतल्या वर्गात अक्षरं शिकलो, ती काय खुंटीला टांगायला? पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा मी ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं खड्या आवाजात वाचलं. बेकारांची रांग वाढली, तिजोरी आटली, म्हणून मदतीच्या याद्या पुन्हा तपासणार. गुरुवारी अधिकारी घर बघायला येणार!

ती मदत म्हणजे आमची चूल होती. शिवणकारखाना बंद पडल्यापासून मुलगा मिमून तीन वर्षं घरी. त्याच्या दोन मुलींचं दूध, दप्तर, औषध, सगळं त्या मदतीवर.

"गरिबी बघायला येतायत," बायको तामू म्हणाली. "फाटकी चटई तशीच राहू द्या."

"पाहुण्याला फाटक्या चटईवर बसवू? अगं, माझ्या बापानं शेळी विकून पाहुण्याला जेवू घातलं!"

"आणि तुम्ही उपाशी झोपलात."

मी ऐकतोय कसला! शेजारच्या हज्जा यामनाकडून चांदीचं चहाचं तबक आणलं. ते बघून समोरच्या बूअज्जाला राहवेना. मला म्हणाला, "अरे अल्लाल, तबक तिचं, तर गालिचा माझा!" मग चढाओढच लागली. कुणी रेशमी उशा आणल्या, कुणी दाराएवढा टीव्ही. गुरुवारी दुपारपर्यंत आमची बैठक नवरीसारखी नटली. मिमून उंबऱ्यावर थबकला. "बाबा, आपलं घर कुठंय?"

अधिकारी बाई तरुण होत्या, चालून दमलेल्या. आमची एकुलती अंडी देणारी कोंबडी लिंबाचं लोणचं नि ऑलिव्ह लेवून त्यांच्यापुढे ताटात आली.

"हे सगळं तुमचंच?" त्यांनी गालिच्यावरून नजर फिरवत विचारलं.

उसनं आहे असं पाहुण्याला सांगायचं? जीभ झडेल! "तुमचंच समजा, बाई!"

त्यांनी टिपून घेतलं.

"मुलगा काय करतो?"

मिमूननं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. "करेल की! घाई काय आहे?"

तेही टिपलं. मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, नीट विचार करून सांगा. घरात अडचण काय आहे?"

आता, आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर एकच. बाप गेला त्या दिवशीही मी तेच दिलं होतं.

"अल्लाची कृपा! काही कमी नाही!"

आत तामूनं पातेलं आपटलं.

महिन्याभरानं पत्र आलं. सुरुवात खड्या आवाजात केली, तिसऱ्या ओळीला आवाज बसला. कुटुंब सुस्थितीत आहे, सबब मदत बंद. सरकारातल्या एवढ्या हुशार लोकांना जी बचत जमत नव्हती, ती मी एका कोंबडीत करून दिली!

चार दिवसांत मिमून दूर अगादीरच्या मळ्यांत टोमॅटो खुडायला गेला. धाकट्या नातीनं त्याची टोपी उशाखाली ठेवली आहे.

"फेरविचाराचा अर्ज करता येतो म्हणे," तामू म्हणाली. "बूअज्जाच्या मुलीकडून लिहून घ्या."

"मी असताना?"

दोन दिवस खपून तीन पानं लिहिली. फाटकी चटई, उसना गालिचा, बंद कारखाना. एक शब्द खोटा नाही! अर्ज स्वतः जाऊन टपालात टाकला.

उत्तर एका ओळीचं आलं. 'आपणच आरंभी लिहिल्याप्रमाणे आपल्याला काही कमी नाही, सबब अर्ज निकाली.'

काय करणार? मशिदीतल्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी पत्र शिकवलं ते असंच सुरू होतं: 'आम्ही सर्व सुखरूप, अल्लाच्या कृपेनं काही कमी नाही.' दुसरी सुरुवात मला येतच नाही! त्या ओळीच्या पुढचं कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

काल मिमूनचा फोन आला. "बाबा, घरी कसं काय?"

तामू माझ्याकडे बघत होती. धाकटी मांडीवर. या वेळी खरं सांगायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं.

"काही कमी नाही, बाळा. तुझं?"

पलीकडे तो खोकला. मग म्हणाला, "इथंही काही कमी नाही, बाबा."

कार्टं माझंच!